अक्कांनी धरलेल्या जागा

नऊ दिवसांची युरोपची सहल, आणि त्यातले आठ दिवस माझ्या सासूबाईंनी बाकावर बसून काढले. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. पॅरिस असो नाहीतर मिलान, स्टेशनाबाहेर पडलो की अक्का पहिलं बाक गाठायच्या आणि म्हणायच्या, "जाईसन या तुम्ही, मी सामान देखस."

सामानाजवळ माणूस लागतो, कबूल. पण दोन वर्षांपूर्वी माझे सासरे, आबा, गेले तेव्हापासून अक्का पिंपळनेरच्या घरातही अशाच बसायच्या. नजर समोर, बघणं काही नाही. नातवाच्या मुंजीतसुद्धा त्या चपलांपाशी बसून होत्या. म्हणून माझ्या नवऱ्याने, योगेंद्रने, हट्टाने ही रेल्वेची सहल काढली. आईने एकदा तरी मान वर करून काहीतरी बघावं, एवढंच त्याचं म्हणणं. मलाही ते हवं होतं. पण आठव्या दिवसापर्यंत माझ्या इच्छेची पार चिडचिड झाली होती.

शेवटच्या दिवशी इंटरलाकेनहून ल्युसर्नला जायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी विमान. सकाळपासून दोन चर्च आणि एक किल्ला बघून झाला होता. माझ्या टाचेला फोड आला होता, योगेंद्रची कंबर धरली होती, आणि आम्ही दोघं एकमेकांशी फक्त 'हं' आणि 'नाही' एवढंच बोलत होतो. किल्ल्याच्या दारापर्यंत येऊनही अक्का आत आल्या नाहीत. मी मनातल्या मनात हात टेकले.

स्टेशनात गाडी उभीच होती. योगेंद्रने चारही बॅगा आणि अक्कांना आत चढवलं. अक्कांनी लगेच खिडकीची जागा पकडली, शेजारी रुमाल टाकला, समोर पिशवी ठेवली. जागा धरल्या. झालं! धुळे स्टँडवर वाढलेल्या माणसाला एकदा रुमाल पडला की गाडी आपल्या बापाची वाटते. आपण खुशाल भजी खाऊन यावं, कंडक्टर घंटी मारतो, कोणीतरी हाका मारतं, ड्रायव्हर तोंडात तंबाखू टाकेपर्यंत वेळच वेळ. योगेंद्र पाणी भरायला गेला, मी कॉफी घ्यायला.

घंटी नाही, हाक नाही. दारं गुपचूप मिटली आणि गाडी चालू पडली. काचेआड अक्का दोन्ही हात पसरून कुणालातरी अडवत होत्या. आमच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

माझ्या हातातली कॉफी सांडली. अक्कांच्या मोबाइलला तिथे रेंज नाही, तिकीट आमच्याजवळ, आणि अहिराणीशिवाय त्यांना काही बोलता येत नाही. मी योगेंद्रवर खेकसले, तो माझ्यावर. मग तो फलाटावरच खाली बसला. "मी आणलं तिला इथे," एवढंच तो म्हणाला, आणि मला स्वतःची लाज वाटली.

तिकीट खिडकीवरच्या माणसाने गाडीतल्या गार्डला फोन लावला. बोलता बोलता तो हसू लागला. तुमच्या आई दोन जागांवर कुणालाही बसू देत नाहीयेत, म्हणाला. त्यांना वाटेतल्या ब्रिएन्झ स्टेशनला उतरवून घेतो, तुम्ही पुढच्या गाडीने या.

पुढची गाडी अर्ध्या तासाने. त्या गाडीत आम्ही जागा असून उभेच राहिलो. बाहेर अख्खं तळं पसरलेलं होतं, पण ते बघितलं कोणी!

ब्रिएन्झला उतरलो. फलाटावर चारही बॅगा ओळीने उभ्या होत्या. जवळ अक्का नव्हत्या.

आठ दिवस ज्या बाईने सामानापासून बोटभर हलू नये, ती नाही म्हटल्यावर मी फलाटावरचं एकूणएक बाक बघून घेतलं. योगेंद्र "अक्का, अक्का" ओरडत स्टेशनाबाहेर धावला आणि रस्ता ओलांडून थबकला.

तळ्याच्या पायरीवर अक्का बसल्या होत्या. नऊवारीचा काठ वर खोचलेला, बूट-मोजे बाजूला, पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. मान वर. समोरच्या डोंगरावरून खाली येणाऱ्या धबधब्याकडे त्या एकटक बघत होत्या.

"अक्का, सामान तिकडे एकटं!" माझ्या तोंडून निघालंच.

"ऱ्हाऊ दे. कोन लई जाई?" त्या म्हणाल्या. "मले वाटनं, पानीमा नीळ टाकेल शे. म्हनीसन हात घाली देखा. नही वं, पानीच निळं शे!"

त्यांनी ओंजळ भरून मला दाखवली. मग त्याच ओल्या हाताने मला शेजारी बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "तुना सासराले हाई दावाले जोयजे व्हतं."

दोन वर्षांत त्यांनी आबांचं नाव काढलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. योगेंद्रने बॅगा तशाच सोडल्या, पँट दुमडली आणि आईच्या पलीकडे पाण्यात पाय सोडले. पाणी बर्फासारखं गार होतं. मीही पाय बुडवले; माझ्या फोडाला तेच बरं वाटलं.

ल्युसर्नची एक गाडी गेली. मग दुसरी गेली. कोणी उठलं नाही.

योगेंद्रने घड्याळ बघितलं तसा अक्कांनी त्याचा हात धरला.

"उद्या जानंच पडी का रे, भाऊ?"