दोन त्रेचाळीस

सकाळी पावणेदहाला रस्ते खात्याच्या कार्यालयात मुकादमाच्या लेकीचा फोन आला. "बाबा, हे गाडी चालवता चालवता छातीला हात लावून कोसळले. त्रेचाळीस किलोमीटरच्या दगडाजवळ आहोत. बोलत नाहीयेत." मुकादमाचं डोकं जागेवर होतं. या राज्य महामार्गावर एकतीस वर्षं काढलेला माणूस तो. त्यानं ॲम्ब्युलन्सवाल्याला आकडा सांगितला आणि लेकीचा फोन कानाला लावून बसला.

वीस मिनिटांनी दुसऱ्या फोनवर ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, "त्रेचाळीसला आलो, मुकादम. इथं चिटपाखरू नाही."

मुकादमाला जुने दगड आठवले.

हा रस्ता मुळात बैलगाड्यांची वाट. मग खडी पडली, मग डांबर, पण डोंगराला वळसा घालायची त्याची सवय गेली नाही. नऊ वर्षांपूर्वी वरच्यांना घाई सुटली. डोंगर फोडून रस्ता पलीकडून नेला, नवे दगड रोवले. छत्तीसपासून पुढचे जुने दगड उपटायचा हुकूम होता. पण त्यांवरचे आकडे मुकादमानं दरवर्षी स्वतः रंगवलेले, त्याचा हात धजेना. नोंदवहीत 'सर्व काढले' लिहून तो मोकळा झाला. आणि लेक त्या जुन्या वळणांवरच सायकल शिकलेली. ती कशाला नव्या रस्त्यानं येतेय.

"बाबा, सायरन ऐकू येतोय," ती म्हणाली. "पण डोंगराच्या पलीकडून."

खात्याचे साहेब समोरच उभे होते. खरं सांगितलं की नोकरी गेली, हे मुकादमाला कळत होतं, आणि जावई जाईल ही भीती त्याहून मोठी होती.

"मागं फिर," तो ॲम्ब्युलन्सवाल्याला म्हणाला. "छत्तीसच्या फाट्यावरून जुन्या रस्त्याला लाग. त्रेचाळीस तिथंही आहे."

"जुन्यावर दगड कुठले? काढलेत ना?"

"नाही काढले. मी खोटं लिहिलं."

साहेब खुर्ची ओढून खाली बसले.

"बाबा, ह्यांचे हात गार पडलेत. किती लांब आहे गाडी?"

मागं फाट्यापर्यंत सात, आत सात. आतले सात तर नुसते खड्डे.

"आलीच," मुकादम म्हणाला. "दोन किलोमीटर."

"ऐकलंत का, दोनच किलोमीटर," लेक नवऱ्याला सांगत होती. तिच्या फोनमधून सायरन ऐकू येत होता, आणि तो लांब लांब जात होता.