तळोज्याच्या बॉयलरातला राखणदार

पळस्पे नाक्याजवळ भंगाराचं एक आवार आहे. तिथे कुशीवर पडलेल्या फुटक्या बॉयलरातून मी बोलतोय. मी राखणदार. दचकू नका आणि हातही जोडू नका. जोडलेल्या हातांचाच मला धसका बसलाय.

माझा जन्म कधीचा, ते मलाच ठाऊक नाही. तळोज्याला भातखाचरं होती तेव्हा बांधावरच्या चिंचेत माझा मुक्काम असे. खाडीचं पाणी चढायला लागलं की फांद्या झोडपून मी गाव जागं करायचो. पुढे कारखाने आले, चिंच पडली, आणि माझी माणसं रंगाच्या कारखान्यात कामाला लागली. माणसं जिथे, तिथे राखणदार. मीही मुकाट्याने त्यांच्यामागून गेलो आणि बॉयलरात शिरलो.

तिथेही दरवर्षी माझ्यापुढे कोंबडा कापायचे. राखणदाराला रक्त लागतं, हे यांना कुणी सांगितलं देव जाणे! मला तो कोंबडा हिंडता-फिरता जास्त आवडला असता. पण माझं ऐकतो कोण?

बॉयलरवर कामाला होता काळूराम. त्याची बायको गुणाबाई भट्टीतली राख उपसायची. काळूराम रोज सकाळी माझ्या पत्र्यावर हात ठेवायचा, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. माझा त्याच्यावर फार जीव होता. उगाच कशाला लपवू?

दोन हजार सातच्या सुमाराची गोष्ट. वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा अडकला. दाब कितीही वाढो, काटा आपला जागच्या जागी. नवीन घड्याळ मागवायचं काम नवीन पनवेलहून येणारे मॅनेजर सत्यजीतसाहेब ‘नेक्स्ट वीक’वर ढकलत राहिले. मग माझ्याकडे उरली एकच सोय, डोक्यावरची झडप. दाब वाढला की ती उघडायची, वाफ सुटायची आणि शिट्टी वाजायची. मी जीव तोडून शिट्टी वाजवत होतो.

खाली सगळे काट्याकडे बघत. काटा तर ठीक, मग शिट्टी का? सगळ्यांनी एकच अर्थ काढला.

“राखणदार कोपलाय,” काळूराम म्हणाला. “त्याला बांधाया लागंल.”

गावचा भगत दादू आला. मंत्र पुटपुटला, लिंबू कापलं, आणि ज्या दांड्याने झडप उघडते तोच दांडा काळ्या दोऱ्याने आणि तांब्याच्या तारेने करकचून आवळला. शिट्टी बंद. माझं तोंडच बांधलं हो! आणि तेही माझ्याच लेकरांनी, भक्तीने.

सत्यजीतसाहेब खूश झाले. “काळूराम, आवाज बंद झाला ना? गुड. आता फुल लोडवर चालव, आजची बॅच गेलीच पाहिजे.”

दुपारपर्यंत माझ्या पोटात वाफ मावेना. जोड सुसायला लागले, पत्रा थरथरू लागला, पायाखालची फरशी हादरली. पोरं कामं टाकून पळाली. साहेब तर सगळ्यात आधी फाटकाबाहेर. काळूरामही पळेल, असं मला वाटलं. पण त्याने काट्याकडे पाहिलं. काटा शांत. म्हणजे हा दाब नव्हे, देवाचा राग! तो भट्टीच्या दारासमोरच गुडघे टेकून बसला.

“मना ने,” तो म्हणाला. “पन बाकीच्यांना सोड.”

आता काय करावं या माणसाचं! अरे, मला तू नकोस, तू जगायला हवास. पण ओरडू कशाने?

एकच उपाय उरला होता. आतली नळी स्वतःच फाडायची, म्हणजे पाणी आगीवर सांडेल आणि आग विझेल. मग पुढे मी कामाचा उरणार नव्हतो, ते चाललं असतं. पण आग विझताना भट्टीच्या दारातून उकळती वाफ फेकली जाणार होती, आणि दारातच हा बसलेला. सगळी ताकद लावून मी ती नळी धरून ठेवली. अजून थोडा वेळ, अजून थोडा.

इतक्यात गुणाबाई धावत आली. तिने त्याचं बखोट धरलं.

“ऊठ मेल्या!”

“देवाला बली पायजे, गुणा.”

“देव हाय ना तो? मग तुजा जीव त्याला कशाला?”

तिने त्याला फरफटत बाजूला ओढलं आणि मी नळी सोडली. दार उखडलं, वाफेचा लोट समोरच्या भिंतीवर आदळला. ती दोघं कोपऱ्यात एकमेकांना धरून खोकत होती. जिवंत होती. मी आतल्या आत रडलो.

काळूरामने मात्र हाय खाल्ली. देवाने आपल्याला नाकारलं, हेच त्याच्या मनाने घेतलं. मी इतकी वर्षं कारखान्यामागे गंजत पडलो आणि आता या भंगारात आलो; काल तो गुणाबाईबरोबर इथे आला, तोवर त्या दिवसाबद्दल तो कुणाशी बोलला नव्हता.

“मी नको झालो त्याला,” तो एवढंच म्हणाला.

“त्याला तू जिता पायजे व्हतास,” गुणाबाई म्हणाली. “आपल्यालाच खोड हाय, मोठा दिसला का त्याच्याम्होरं काय तरी कापायचं.”

काळूराम माझ्याजवळ सरकला. मग त्याने माझ्या थंड पत्र्यावर हात ठेवला.

“उद्या तुला कापतील रं. मंग तू कुठं रवशील? आमच्या घरी चूल हाय. चल.”

मला आजवर मान पुष्कळांनी दिला. कुठे राहशील, असं कुणी विचारलं नव्हतं.

तर मी निघतो. तुमच्याकडचं एखादं यंत्र कधी किंचाळलं, तर त्याच्यापुढे हात जोडून बसू नका. आधी पळा. आत माझ्यासारखा कुणी असेल, तर तो तेवढ्यासाठीच ओरडत असतो.