भिंतीपलीकडचा आवाज

आमच्या परसाची मागची भिंत आणि फुटबॉलच्या मैदानाचा पूर्वेकडचा स्टँड यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, बाकी काही नव्हते. साखरेच्या आजाराने बाबांची दृष्टी गेली, त्याला नऊ वर्षे झाली. तेव्हापासून दर शनिवारी तीन वाजता ते त्या भिंतीला पाठ टेकून बसत आणि गर्दीच्या आवाजावरून सामना सांगत. चेंडू बाहेर गेला की आवाज एकदम पडतो, गोलरक्षकाने अडवला की चढता चढता मोडतो, असे त्यांचे म्हणणे. पाहुण्या संघाचे लोक लांब, पश्चिमेच्या कोपऱ्यात बसत. त्यांचा गोल म्हणजे आमच्या बाजूची शांतता आणि तिच्यामागून येणारा बारीक गलका. रेडिओ नेहमी दोन सेकंद मागे असे. बाबा मात्र कधी चुकले नाहीत. घराच्या खिडकीतून चहा आणि बेकन-पाव विकणाऱ्या शेजारच्या एडनाबाई गिऱ्हाईक सोडून त्यांना विचारायला येत, आणि गल्ली त्यांच्या शब्दावर थांबे. डोळे गेल्यावर बाबांपाशी एवढीच पत उरली होती.

मे महिन्यात फुटबॉल क्लब तीन मैलांवर, नदीकाठच्या जुन्या गोदीच्या जागेवर गेला. कोपऱ्यावरच्या पबला फळ्या ठोकल्या गेल्या. एडनाबाईंची खिडकी बंद झाली.

"वीस वर्षं सामन्याचे लोक दारात मुततात म्हणून शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या. "आता दार कोरडं ठणठणीत आहे, तर शनिवारी करू काय मी?"

"उरलेलं फिनेल विकून टाक," बाबा म्हणाले.

ऑगस्टमध्ये मी नव्या मैदानाची दोन तिकिटे काढली. एडनाबाईंना ते कळले तेव्हा त्यांनी बाबांना सरळच विचारले, "विल्फ, तिथे कळेल का रे तुला?"

"माणसं तीच, नरडी तीच. न कळायला काय झालं?"

पण सामन्याच्या दिवशी सकाळी बाबांनी दोनदा दाढी केली. बसमध्ये मला बजावले, "मी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तसंही तू कुठे उघडतोस म्हणा."

आमच्या जागा तेराव्या रांगेत होत्या. नवे छप्पर आवाज गोळा करून सगळीकडून एकदमच खाली ओतत होते. पहिला कॉर्नर बाबांनी ओळखला. दुसऱ्याला ते "फाऊल" म्हणाले. मी गप्प राहिलो.

एकतिसाव्या मिनिटाला डावीकडून मोठा कल्लोळ उठला. बाबा दोन्ही हात वर करून उभे राहिले.

"गोल," ते म्हणाले. "आपला."

मागून कोणी तरी म्हणाले, "आजोबा, बसा खाली. पाहुण्यांचं तिकीट मिळालं वाटतं चुकून." दोघे-तिघे हसले, तेही थकल्यासारखे. मग आमच्या रांगांमधली शांतता बाबांपर्यंत पोचली. ती त्यांना चांगली ठाऊक होती. हात मात्र थोडा वेळ तसेच वर राहिले. मला काहीच वाटले नाही. उजव्या बाहीचे बटण तुटले आहे, एवढेच दिसले.

ते सावकाश बसले.

"त्यांचा होता?"

"हो."

"डावीकडे त्यांना बसवलंय?"

"अगदी आपल्या शेजारीच."

"आणि मघाचा फाऊल?"

"कॉर्नर होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

खेळ पुन्हा सुरू झाला. नदीवरून वारा आत येत होता, आणि त्याला धुराचाही वास नव्हता, तळणाचाही नव्हता.

"घरी जायचं का?" मी विचारले.

"घरी काय आहे?" त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले. मग म्हणाले, "चेंडू कुठे आहे?"

"मध्यावर."

"कोणाकडे?"

"आपल्याकडे."

"मोठ्याने बोल रे. काही कळत नाही."

मी आवाज चढवला. पुढच्या रांगेतला माणूस वळून बघू लागला, तरी बोलत राहिलो. "उजवीकडे दिला. परत मागे. पुन्हा मागेच."

बाबांनी मैदानाकडचा कान माझ्याकडे वळवला.