पाठीवरची लाट

मी एक शिडाची नाव बोलते आहे. अंगावरचे मीठ अजून वाळलेले नाही, दोर अजून ताठ आहेत, शीड नुकतेच गुंडाळून बांधले आहे आणि माझ्या लाकडाच्या शिरेशिरेत आनंद मावेनासा झाला आहे. बोलण्याची एवढी घाई मला पूर्वी कधी झाली नव्हती. नावेचे कौतुक बहुधा तिच्या पुढच्या टोकाचे होते. पाणी चिरणारी ती नाळ सर्वांना दिसते. तिच्यापाशी उभे राहून माणसे छायाचित्रे काढतात. मी मात्र आज माझ्या पाठीविषयी बोलणार आहे, कारण आज मला आणि माझ्या माणसांना तिने तारले.

माझा जन्म खाडीकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला घडवणारे मिस्त्री वयाने उतरलेले, बोलायला कमी आणि फळी पारखायला कठोर. प्रत्येक फळीवर ते टिचकी मारत आणि कान लावून ऐकत. रंधा मारताना ते काही पुटपुटत असत. ते नाम होते की मापे, हे मला कधी उलगडले नाही. पुढे वाटू लागले, की ज्याचे चित्त कामात पुरते विरलेले असते त्याच्या मुखी या दोन्ही गोष्टी एकच होऊन जातात.

मला बांधून घेणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर. पहिल्या दिवशी ते पत्नीसह आले आणि मिस्त्रींच्या आराखड्यावर बोट ठेवून म्हणाले, “पिछाडी एवढी निमुळती कशाला? रुंद करा. सहा माणसं ऐसपैस बसली पाहिजेत. आणि रुंद पिछाडीची नाव पळतेही जोरात म्हणे.”

“सपाट पाण्यात पळते,” मिस्त्री म्हणाले.

“आम्ही सपाट पाण्यातच जाणार.”

“समुद्राला तसं कळवून ठेवलंय का?”

डॉक्टरांच्या पत्नीला हसू आवरेना. पण तिचाही एक हट्ट होताच. सुकाणू धरून बसण्यासाठी नावेच्या मागच्या भागात जी खोलगट जागा असते, तिला मिस्त्री ‘हौद’ म्हणत. तिला तो शब्द रुचला नाही. “हौद काय? बैठक म्हणा की. आणि तिथून आतल्या खोलीत उतरायचा उंबरठा चार बोटांहून उंच नको. आमच्या आईंना पाय उचलवत नाही.”

“बैठक म्हणा, दिवाणखाना म्हणा, वहिनी. लाट आली की तो हौदच. आणि चार बोटांचा उंबरठा म्हणजे पाणी आत शिरताना दारही वाजवणार नाही.”

सासूच्या गुडघ्यांची काळजी करणाऱ्या सुनेपुढे मिस्त्रींचे काही चालले नाही. त्यांनी उसासा टाकला, पेन्सिल कानामागे खोचली आणि सांगितले तसे बांधले. पाठ रुंद आणि सपाट, हौद सहा माणसांचा, उंबरठा चार बोटांचा. हौदात आलेले पाणी परत समुद्रात जावे म्हणून तळाशी दोन मोऱ्या तेवढ्या त्यांनी न विचारता ठेवल्या.

पहिले वर्ष मी माजात होते, हे कबूल केले पाहिजे. खाडीच्या शांत पाण्यात माझ्याइतकी वेगवान नाव नव्हती. डॉक्टरांचे मित्र हौदात तंगड्या पसरून बसत, थर्मासातला चहा पीत आणि माझ्या पाठीच्या रुंदीची वाखाणणी करीत. स्तुतीने कोण फुगत नाही? मी तर आधीच फुगीर होते.

मात्र एक कुरबूर सुरू झाली. सहाजण मागे बसले की माझी पिछाडी खाली दबे आणि मोऱ्यांतून पाणी उलटे वर येऊन पाहुण्यांचे पाय भिजवी. आता विचार करा, ज्या माणसाचा जन्म भोके बुजवण्यात गेला, त्याला दोन भोके दिसल्यावर तो काय करील? डॉक्टर एका सकाळी दवाखान्यातली हत्यारे घेऊन आले. मोऱ्या आतून खरवडल्या, कोरड्या केल्या, लाकडाच्या गुट्ट्या बसवल्या, त्यावर कसला तरी लेप थापला, घासून गुळगुळीत केला आणि बोट फिरवून स्वतःवर खूश झाले. काम खरोखर देखणे होते. मिस्त्रींना मात्र त्यांनी काही कळवले नाही.

अशातच पैलतीरावरून निरोप आला. सामुद्रधुनीपलीकडच्या बेटावर डॉक्टरांच्या आईंची थोरली बहीण राहते. प्रवासी बोटीची फेरी बंद पडल्यापासून दोघींची तीन वर्षांत भेट नव्हती. शेजारणीने फोनवर सांगितले, “ताई हल्ली विसरतात. काल मलाच विचारत होत्या, तू कोण म्हणून. तुमचं नाव अजून काढतात, पण किती दिवस काढतील ते सांगता येत नाही. यायचं तर लवकर या.”

आईंनी फोन ठेवला आणि मुलाला एवढेच म्हटले, “तुझी नाव नुसती चहा प्यायलाच आहे, की कुठे जातेही?”

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. वारा पाठीमागून होता. खाडीचे मुख ओलांडले आणि मी पहिल्यांदाच खरा समुद्र पाहिला. दुपार होता होता लाटा वाढल्या. मागून येणारी प्रत्येक लाट माझ्या त्या रुंद, सपाट पाठीला धक्का देई, पाठ एका बाजूला भिरकावली जाई आणि मी आडवी फिरू लागे. डॉक्टर दोन्ही हातांनी सुकाणू ओढून मला कसेबसे सरळ करीत. ज्या पाठीचा मला गर्व होता, ती समुद्राच्या हातातली मूठ झाली होती. तिला धरून तो मला हवी तशी फिरवत होता.

मग एक लाट पाठीवरून चढून थेट हौदात कोसळली. सहा माणसांचा हौद काठोकाठ भरला. माझ्या निम्म्या वजनाइतके पाणी एका क्षणात माझ्या पोटात बसले आणि ते जायला वाट नव्हती. पिछाडी जड झाली. पुढची लाट आली तेव्हा मला उचलून घेता येईना. चार बोटांच्या उंबरठ्यावरून पाणी आत गेले आणि आई बसल्या होत्या तिथे त्यांच्या पोटऱ्यांना लागले.

“अहो, मोऱ्या!” सून ओरडली.

“पक्क्या बसवल्यात,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “निघायच्या नाहीत अशाच बसवल्यात.”

आतून आईंचा आवाज आला, “लहानपणापासून हा असाच. जे करील ते पक्कं करील आणि मग रडेल. सूनबाई, तू सुकाणू धर. आणि तू, काढ ते दात.”

सुनेने सुकाणू धरले. डॉक्टर कमरेएवढ्या पाण्यात वाकले आणि पटाशीने, हातोडीने, शेवटी नखांनी आपलीच कारागिरी उकरू लागले. आई आतून तपेलीने पाणी उपसून सुनेच्या पायांशी ओतत होत्या आणि ते पुन्हा आत येत होते, तरी त्यांचा हात थांबला नाही. ओठ हलत होते. प्रार्थना करायची तर हात रिकामे हवेत, असे त्यांना कुणी शिकवले नसावे. एक गुट्टी निघाली. मग दुसरी. पाणी गर्रकन फिरत खाली जाऊ लागले आणि मी पाठ वर उचलली. बेट क्षितिजावर दिसत होते, पण पुढे जाण्याचे बळ कुणातच उरले नव्हते. आम्ही वळलो, अर्धे शीड बांधून वाऱ्याशी झगडत परतलो. वाटेत आईंनी एकदाच मागे, बेटाकडे पाहिले.

खाडीकाठच्या शेडमध्ये परतल्यावर मिस्त्रींनी त्या गुट्ट्या तळहातावर घेऊन निरखल्या. “काम सुरेख केलंत, डॉक्टर. फक्त किडका दात आणि मोरी यांत फरक असतो.”

डॉक्टरांनी मान खाली घातली.

“म्हण आहे ना, पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका. नावेचं तेच. पिछाडी ही पाठ, हौद हे पोट. समुद्र पाठीवर मारणारच, त्याला कोण अडवणार? पाठ अशी हवी की मार निसटून जाईल. पोट असं हवं की त्यात फार मावणार नाही आणि मावलं तर टिकणार नाही.” मग गुट्ट्या खाली ठेवून ते म्हणाले, “चूक तुमची एकट्याची नाही. मला कळत होतं, तरी मी बांधली. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं धाडस झालं नाही.”

“मग आता बांधा,” आई म्हणाल्या. “उंबरठा गुडघ्याएवढा करा.”

“आई, तुमचे गुडघे…” सून म्हणाली.

“माझे गुडघे मी उचलीन. नाही उचलवले तर तुझा नवरा उचलील. दात उपटून हात मजबूत झालेत त्याचे.”

घाबरलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो. डॉक्टर आता सुईसारखी पिछाडी मागू लागले. मिस्त्री म्हणाले, “निमुळती हवी, उपाशी नको. मागे थोडं भरीव अंग नसेल तर लाट आली की नावेला उचलणार कोण? ती तशीच खाली दाबली जाईल.”

दोन महिने करवत माझ्या पाठीवर चालली. सोसणे म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. संतजन सांगतात की अहंकार गेला की भार हलका होतो. माझा तर फळ्या-फळ्यांनी उतरवला गेला. नवी पाठ कडेने वळत वळत मागे एकत्र आली, वर किंचित उचललेली, जणू जोडलेल्या ओंजळीची मागची बाजू. हौद तीन माणसांचा झाला, उंबरठा गुडघ्याएवढा, आणि मोऱ्या मूठ जाईल एवढ्या चार. डॉक्टरांनी त्यांच्याकडे हात मागे बांधून पाहिले. दर आठवड्याला बेटावर फोन होत होता. शेवटच्या वेळी ताईंनी विचारले होते, “कोण बोलतंय?” आणि आईंनी नाव सांगितल्यावर पुन्हा तेच विचारले होते.

आज पहाटे निघालो. वारा तोच, दिशा तीच. डॉक्टर, सून आणि आई, तिघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. “बैठक जरा अडचणीची झाली,” सून म्हणाली. आई म्हणाल्या, “बरं झालं. आता रुसून लांब बसता येणार नाही.”

आणि ती आली. मागून, निळी-करडी, माथ्यावर फेस घेऊन, मागच्या वेळच्या लाटेची थोरली बहीण शोभावी अशी. डॉक्टरांनी वळून पाहिले आणि त्यांची बोटे सुकाणूवर आवळली. मी मात्र नाळ किंचित खाली नमवली आणि पाठ तिच्या स्वाधीन केली. लाटेने तिला धक्का द्यायला जागाच सापडेना. माझ्या पाठीशी ती दुभंगली, दोन्ही कडांनी सळसळत पुढे गेली आणि जाता जाता मला उचलून चार नावांच्या लांबीइतके पुढे ठेवून गेली. बादलीभर पाणी हौदात सांडले, मोऱ्यांतून गुडगुडत निघून गेले, उंबरठ्यापर्यंत पोहोचलेदेखील नाही. मला उचंबळून आले. जिच्यापुढे मी ताठ उभी राहिले तिने मला आडवे केले होते, आणि जिच्यापुढे लवले तिने मला खांद्यावर घेतले.

“अजून एक येतेय,” डॉक्टर म्हणाले.

“येऊ दे,” आई म्हणाल्या. “आपल्याच दिशेला चाललीये.”

उन्हे कलायच्या आत आम्ही बेटाच्या धक्क्याला लागलो. शेजारणीने खुर्ची आणून ताईंना तिथेच बसवले होते. डॉक्टरांनी आईंना उंबरठ्याजवळून अलगद उचलले आणि धक्क्यावर उभे केले. ताईंनी वर पाहिले. त्या पाहतच राहिल्या. सून श्वास रोखून उभी होती. मीही दोर न ओढता स्तब्ध राहिले. आईंनी नाव सांगितले नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, ओल्या पदराने, केसांत मीठ घेऊन.

“केवढा उशीर गं,” ताई म्हणाल्या. “जेवण निवलं.”

“वारा नव्हता, ताई,” आई म्हणाल्या. आयुष्यात त्या इतके धडधडीत खोटे पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात.

आता मी धक्क्याला बांधलेली आहे. उद्या डॉक्टर आणि सून परत जातील. आई महिनाभर राहतील. यापुढे जे नाव बांधणार आहेत त्यांना माझे एवढेच विनवणे आहे: समोरून येणारे सर्वांना दिसते, मागून येणारे फक्त त्या वरच्या एकालाच ठाऊक असते. तेव्हा माझ्या बहिणींच्या पाठी त्याचे स्मरण ठेवून बांधा, आणि सुखासाठी पोट वाढवू नका. आणखीही पुष्कळ सांगायचे होते. पण पन्नास वर्षांपूर्वीची फणी कोणी हरवली यावरून धक्क्यावर दोघी बहिणींची जुंपली आहे, आणि त्यातला एकही शब्द मला गमवायचा नाही.