व्याह्यांना विकलेला टेम्पो

मित्रांनो, नाव न बदलता मला विकताना केरबांना काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकतो. आरटीओच्या रांगेतला अर्धा दिवस वाचणार होता. नाव बदलायची फी वाचणार होती. आणि सगळ्यांत मोठी जमेची बाजू म्हणजे व्याह्यांची मर्जी राहणार होती. त्या दिवशी तरी व्यवहार फायद्याचाच दिसत होता.

मी एक जुना तीनचाकी टेम्पो आहे. शिरोळ भागातल्या एका पोलीस ठाण्याच्या आवारात, बाभळीखाली उभा आहे. उभा आहे असं आपलं म्हणायचं. पुढचं चाक कधीच जमिनीत रुतलंय, आणि माझ्या हौद्यात हवालदारांच्या कोंबड्या अंडी घालतात.

पण माझेही दिवस होते. १९९२ साली केरबांनी मला कोरा करकरीत घेतलं. शिवाजी पेठेत त्यांचा मांडवाचा धंदा होता. लोखंडी पाइप, कनाती, घडीच्या खुर्च्या, सगळं माझ्या पाठीवर. बारसं असो की बुद्ध जयंती, आधी मी पोचायचो, मग मांडव, मग माणसं. केरबा मला दर रविवारी धूत. विमा, पासिंग, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवत. मागच्या फळीवर त्यांनी लेकीचं नाव रंगवून घेतलं होतं, प्रीती. ह्या माणसाला बायकोपेक्षा टेम्पोची काळजी जास्त, असं शेवंताबाई चारचौघांत म्हणायच्या. ते खरं होतं, म्हणून केरबा वाद घालत नसत.

१९९९ साली धंदा वाढला, मोठी गाडी आली आणि मी विकायला निघालो. प्रीतीचे सासरे कृष्णातराव यांना भाजी वाहायला टेम्पो हवाच होता. पैसे त्यांनी रोख आणि पूर्ण दिले, तेवढं मान्य करायला हवं. केरबांनी नाव बदलायचे फॉर्म आणून ठेवले होते. सही करा, सोमवारी आरटीओत जाऊन येऊ, म्हणाले. कृष्णातरावांनी चहाची बशी खाली ठेवली.

"पोरगी दिलीसा माझ्या घरात, तवा कुठला फॉर्म भरून घेतलासा व्हय, पावणं?"

सगळे हसले. केरबाही हसले, आणि फॉर्म घडी होऊन खिशात गेले. मुलीच्या बापानं व्याह्याकडे कागद मागायचा नसतो. हा नियम कुठल्याच कायद्यात नाही, पण कायद्यापेक्षा जास्त तोच पाळला जातो.

शिरोळला माझं काम वाढलं आणि अंघोळ बंद झाली. विम्याची मुदत संपली, तेव्हा "विमा काय गाडी वडतोय?" म्हणून कृष्णातरावांनी तो विषयच मिटवला. ब्रेक सैल झाले होते. मी कुरकुरून सांगायचो. त्यांना वाटायचं, जुनी गाडी कुरकुरायचीच.

एका सकाळी वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि मी थांबलो नाही. समोर दुधाची किटली घेऊन डेअरीकडे निघालेल्या चिमणाबाई होत्या. माझ्या हातात फक्त हॉर्न होता. तोही कृष्णातरावांनी वाजवला नाही. चिमणाबाईंच्या मांडीचं हाड मोडलं.

चालवणाऱ्यावर पोलीस केस झाली आणि मला जप्त करून ठाण्यात आणलं. भरपाईचा दावा मात्र मालकावर लागला, आणि मालक म्हणजे ज्याचं नाव आरटीओच्या कागदावर. नोटीस गेली शिवाजी पेठेत, केरबांच्या दारात.

केरबा आणि शेवंताबाई ठाण्यात जबाब द्यायला आले, तेव्हा माझ्याच सावलीत बसले. वकिलानं त्यांना सांगितलं होतं, की कोर्ट कागदावरच्या मालकाला सोडणार नाही, पण गाडी कुणाला विकली ते सांगितलंत, साक्षीदार आणलेत, तर व्याह्यांनाही दाव्यात ओढता येईल. प्रीतीनंही निरोप धाडला होता, आबा, खरं सांगा, माझं मी बघते.

"सांगून टाका की," शेवंताबाई म्हणाल्या. "गाडी तेंची, चालवत हुते ते, आन भरायचं आपुन?"

"सांगतो. आन सांजच्याला पोरगी त्याच घरात भाकरी थापणार हाय, तेचं काय?"

शेवंताबाई उठल्या आणि मागच्या फळीवरचं लेकीचं नाव पदरानं पुसू लागल्या. खरं काय ते मला पूर्ण ठाऊक होतं, पण टेम्पोची साक्ष कोण घेतो?

कोर्टात केरबा एवढंच म्हणाले, गाडी माझी.

मित्रांनो, गाडी विकलीत तर त्याच आठवड्यात आरटीओला कळवा. भाऊ असो, मित्र असो, व्याही असो, नाव बदलल्याशिवाय किल्ली देऊ नका. विम्याची तारीख चुकवू नका. कागद मागायची लाज वाटली, तर एकदा माझ्याकडे येऊन बसा. कोंबड्या हाकलून जागा करून देतो.

आता कुणी काय भरलं, ते बघा. कृष्णातरावांनी पोलीस केसचा दंड भरला, पावती खिशात घातली आणि व्याही मोठा देवमाणूस असं गावभर सांगत सुटले. केरबांनी पाइप, कनाती, खुर्च्या विकल्या. आज ते दुसऱ्याच्या मांडवाला खांब रोवतात. चिमणाबाई आता याच ठाण्याच्या फाटकाशी शेंगा विकतात. एक पाय सरळ पसरून बसतात, कारण तो वाकत नाही. भरपाईचे हप्ते त्यांना केरबांकडून येतात आणि बऱ्याचदा कमी येतात. पण त्यांनी कधी तगादा लावला नाही. केरबांना वाटतं, बाई भली आहे, सांभाळून घेते.

बाई भली आहेच. पण कमी पडलेला पैसा दर महिन्याला प्रीती आणून देते, ब्लाउज शिवून मिळवलेला. सासऱ्यांना सांगू नका म्हणते. आणि आबांना तर मुळीच नको.