अकरा बरण्या आणि लोन्झोचा शर्ट

डेल्फीन रॅबीच्या माणसांचे कपडे पाहून कोण कुठलं काम करतो ते सांगता यायचं. टेरेलच्या उजव्या मांडीवर ब्लीचने उमटलेला नारिंगी पंजा, कारण हात पुसायची त्याची जागा ती. लोन्झो मोझलीच्या डाव्या खांद्यावर नारिंगी पट्टा, कारण पाईप खांद्यावर टाकूनच तो शिडी चढायचा. ब्लीचला काळा, निळा, हिरवा सगळे सारखेच. सुती कापडाचा रंग ते खातं, आणि रंग संपला की कापड खातं. पण मोबील शहराच्या खाडीकाठी घरांच्या भिंतींवर आणि छपरांवर जी काळी बुरशी धरते, ती ब्लीचशिवाय हटत नाही. तेव्हा माणसं डागाळलेली आणि घरं लख्ख, असा डेल्फीनचा धंदा एकोणीस वर्षं छान चालला होता.

घोडं अडलं ते मिस युजीनिया ट्रॉबपाशी. बाई खाडीकाठच्या एका वसाहतीच्या अध्यक्ष. वसाहतीची बेचाळीस घरं धुवायची होती, आणि मिस युजीनियांना डेल्फीनचं काम पसंत होतं, माणसांचा अवतार नव्हता.

"घर धुवायला आलेत की स्वतःच धुवून निघालेत, काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "आधी माझं घर धुवा. सोमवारी घालाल तो शर्ट शुक्रवारीही तसाच दिसला, तर बाकीची घरं तुमची."

डेल्फीनने मान डोलावली खरी, पण अडचण लोन्झोची होती. ब्लीचला न जुमानणारं कापड म्हणजे पॉलिस्टर, आणि पॉलिस्टर म्हटलं की लोन्झोचं डोकं फिरायचं. दोन वर्षांपूर्वी जुलैत तसल्याच अंगरख्यात त्याला छपरावर चक्कर आली होती.

"मिस डेल्फीन, मी काय उकडायचा शेंगदाणा आहे?" लोन्झो म्हणाला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, खांदे दरवाजाएवढे. "पिशवीत घालून शिजवताय मला."

"मिस्टर लोन्झो, एक आठवडा. माझ्यासाठी."

"एक आठवडा घालीन. शनिवारी पटलं नाही, तर शर्ट तुमच्या खिळ्यावर आणि मी मासे धरायला. बायको कधीची मागे लागलीय."

शेडच्या दारामागे एक मोठा खिळा होता. काम सोडणारा माणूस आपला शर्ट त्यावर टांगून जायचा, आणि डेल्फीन त्याची फडकी करायची. आजवर सात शर्टांची फडकी झाली होती. आठवा लोन्झोचा असेल, हा विचारसुद्धा तिला नको होता. कुठल्या छपराला ब्लीचचं किती कडक मिश्रण लागेल, हे तो नुसत्या वासावरून सांगायचा. नवरा गेला त्या वर्षी धंदा बंद करायला निघालेल्या डेल्फीनला "उद्या किती वाजता येऊ?" एवढंच विचारून त्याने उभं केलं होतं. असा माणूस शर्टापायी जाऊ द्यायचा?

म्हणून तिने घाई केली नाही. ओसरीच्या कठड्यावर अकरा बरण्या मांडल्या, प्रत्येकीत छपरासाठी वापरतात तेवढं कडक मिश्रण ओतलं आणि अकरा तऱ्हांच्या कापडाचे तुकडे बुडवून ठेवले. ताणलं जाणारं कापड जास्त शिजलेल्या शेवयांसारखं लिबलिबीत झालं. नायलॉन पिवळं पडलं. अर्धं सुती, अर्धं पॉलिस्टर असलेल्याने अर्धाच रंग धरला. तीन दिवसांनी कोळ्यांच्या दुकानातल्या करड्या पॉलिस्टरचा तुकडा जसा घातला तसाच बाहेर आला. पातळ होता, हलका होता. डेल्फीनला हायसं वाटलं.

त्याच कापडाचे शर्ट तिने दोघांसाठी आणले. टेरेलचे शर्ट त्याला ठीक बसले. लोन्झोला सगळ्यात मोठा शर्टही हात वर केला की काखेत ओढायला लागला. शिडीवरच्या माणसाचा हात तर दिवसभर वरच. मग डेल्फीनने त्याच्या शर्टांच्या काखा उसवल्या, त्याच करड्या कापडाचे चौकोन बसवले आणि आईच्या डब्यातल्या मेण लावलेल्या जाड दोऱ्याने पक्क्या शिवल्या. त्या दोऱ्याने शिवलेल्या गोधड्या चाळीस वर्षं टिकल्या होत्या. काळजीपोटी तिने टाके दुहेरी घातले.

सोमवार ते गुरुवार सगळं सुरळीत गेलं. फवारे उडाले, ब्लीच ठिबकलं, शर्ट करडेच राहिले. लोन्झो दर तासाला शिडीवरून उतरून डोक्यावर पाणी ओतायचा आणि परत वर चढायचा.

शुक्रवारी दुपारी छपराचा शेवटचा कोपरा राहिला होता. मिस युजीनिया खाली झाडाच्या सावलीत गार गोड चहा घेत बसल्या होत्या. लोन्झोने फवारा धरायला दोन्ही हात उंचावले, आणि टर्रकन दोन्ही काखा बरगड्यांपर्यंत उघड्या झाल्या.

"मिस्टर लोन्झो, पंख फुटले हो तुम्हाला!" टेरेल ओरडला. "उडून दाखवा आता!"

डेल्फीनने कपाळाला हात लावला. लोन्झो खाली उतरला, तशा मिस युजीनिया उठून आल्या. त्यांनी शिवणीचा लोंबता दोरा चिमटीत धरला. त्याचा भुगा झाला.

"सुती?"

"आईच्या डब्यातला," डेल्फीन म्हणाली. "गोधडीचा."

"अकरा कापडं बुडवलीत म्हणे. दोरा नाही बुडवलात?"

"नाही." आईचा दोरा तपासून पाहायचा असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. "थांबा मिस्टर लोन्झो, मी आत्ता टाके घालते."

"हात लावू नका!" लोन्झो गरजला. तो खाडीकडे तोंड करून, हात पसरून, डोळे मिटून उभा होता. "पाच दिवसांत पहिल्यांदा वारा लागतोय. हा शर्ट आत्ता कुठे घालण्याजोगा झालाय."

"तुमच्या बरगड्या मी माझ्या अंगणात खपवून घेणार नाही, मिस्टर मोझली," मिस युजीनिया म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा सावरून कापड नीट पाहिलं. "रंग मात्र सोमवारचाच आहे." त्या घरात गेल्या आणि नाजूक कपडे धुवायची जाळीची पिशवी नि दोऱ्याचं एक रीळ घेऊन आल्या. "काखेला ही जाळी लावा. वारा जाईल आणि अब्रूही राहील. सोमवारी शेजारच्या घरी या."

"आधी बरणीत बुडवीन," डेल्फीन म्हणाली. "दोरासुद्धा."

"मी तेच म्हणणार होते."

रात्रभर जाळी आणि रिळाचा दोरा कठड्यावर ब्लीचमध्ये राहिले. सकाळी डेल्फीनने दोरा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, दाताने ओढून पाहिला. तुटला नाही. मग ती शिवायला बसली.

लोन्झोने शर्ट घातला. शेतातल्या बुजगावण्यासारखे हात आडवे केले, वर नेले, खाली आणले.

"हं," तो म्हणाला, आणि शेडकडे निघून गेला.

"'हं' म्हणजे काय?" टेरेलने विचारलं.

"मला काय विचारतोस!" डेल्फीन खेकसली. पण तिला बसवेना. शनिवार होता. थोड्या वेळाने ती शेडमध्ये गेली. लोन्झो तिथे नव्हता. तिने दार ओढून मागे पाहिलं.

खिळ्यावर शर्ट होता.

एवढं करूनही गेला? मग अंधाराला डोळे सरावले, आणि तिला त्या शर्टाच्या डाव्या खांद्यावरचा नारिंगी पट्टा दिसला. जुना सुती शर्ट होता तो. बाहेर टाकी भरायचा आवाज येत होता आणि लोन्झो टेरेलला पाईप नीट गुंडाळत नाही म्हणून झापत होता.

डेल्फीनचा जीव भांड्यात पडला. ती एकटीच तिथे हसली, आणि डोळेही पुसले. फडक्यांची कात्री तिने उचललीच नाही. शर्टाची घडी घालून तिने तो घरात नेला आणि आईच्या डब्याशेजारी ठेवला. थंडीपर्यंत त्याची गोधडी होणार होती, नारिंगी पट्टा मधोमध घेऊन. तिथे आईचा दोरा चालणार होता.