ताजबीची मागची सीट

अस्लम कुवेतहून रजेवर आला की युसुफच्या पोटात दुखू लागे, आणि हे दुखणं ओव्याच्या काढ्याने जाणारं नव्हतं. हर्णेचा अख्खा मोहल्ला त्याच्या धाकट्या भावाभोवती गोळा व्हायचा. कुणाला अत्तराची कुपी, कुणाला टेपरेकॉर्डर, अम्माला, म्हणजे ताजबीला, मऊमऊ ब्लँकेट. युसुफलाही त्याने घड्याळ आणलं होतं, ते युसुफने कपाटात टाकून ठेवलं. वर्षभर ताजबीचे गुडघे चोळायचे युसुफने, पापलेटचा मधला तुकडा तिच्या ताटात वाढायचा युसुफने, आणि हा आला की म्हातारीच्या तोंडी दुसरं नाव नाही. कुणालाही झोंबेल. युसुफला चांगलंच झोंबायचं.

यंदा सगळं येऊन अडलं ते बापाच्या मोटरसायकलवर. बाप आगबोटीवर नोकरीला होता तेव्हा मुंबईच्या एका गोऱ्या साहेबाने मायदेशी जाताना विकलेली ती जुनी विलायती गाडी. बाप गेल्यावर युसुफने ती जिवापाड जपली. दर वर्षी पावसाच्या आधी होडी किनाऱ्यावर ओढली की तो तिला राळ घालून कढवलेलं मुशीच्या माशाचं तेल चोपडायचा, आणि उरलेलं तेल गाडीला. होडीचं लाकूड खाऱ्या वाऱ्यात ह्या तेलावर टिकतं, मग लोखंडाने काय पाप केलंय? लोखंड टिकलं, गंजाचा ठिपका नाही. गाडी मात्र बंद पडली. आधी दिवा मिणमिणायला लागला, मग हॉर्न घसा बसल्यासारखा करू लागला, आणि शेवटी किक मारून मारून पाय दुखले तरी ती हूं की चूं करीना. युसुफने चिपळूणहून नवी बॅटरी आणली, कॉइल बदलली, प्लग बदलला. सगळं पाण्यात गेलं.

ताजबीचं माहेर दाभोळ. एसटीत बसलं की तिला उलट्या व्हायच्या, त्यामुळे ती जन्मभर आधी नवऱ्याच्या आणि मग युसुफच्या मागे ह्याच गाडीवर बसून माहेरी गेली. गाडी बंद पडल्यापासून बहिणीची भेट नव्हती. अस्लम आल्या दिवशीच ती म्हणाली, "जो कोण गाडी चालू करील, त्याच्या मागनं बसून मी दाभोळला जाईन."

सगळे हसले. युसुफला हसू आलं नाही. बापाची गाडी, मागच्या सीटवर अम्मा, आणि पुढे अस्लम!

अस्लम तिकडे गाड्यांच्या वायरिंगचंच काम करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंगणात गाडी घेतली. एक छोटा बल्ब, त्याला दोन तारा, एवढंच त्याचं हत्यार. एक तार बॅटरीला लावायची, दुसरी गाडीला ठिकठिकाणी टेकवायची आणि बल्ब लागतो का बघायचं. युसुफ ओट्यावर जाळं विणत बसला होता. बल्ब लागला नाही की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटायची. पण बरं वाटणं काही थांबत नव्हतं.

"भाय, बॅटरीत करंट हाय," अस्लम म्हणाला. "पण त्याला फिरून परत यायला वाटच नाय. ही बॅटरीची तार सांगाड्याला बोल्टाने जोडलीय, घोळ हितंच हाय."

त्याने बोल्ट खोलला आणि चाकूने खरवडला. खालून पिवळी, चिवट साल निघाली. अस्लमने ती हुंगली आणि हसत सुटला.

"अगो अम्मा! भायने गाडीला होडी समजून तेल पाजलान! तेलातनं करंट जाईल कसा?"

ताजबी खोकला येईपर्यंत हसली. दारात उभी असलेली युसुफची बायको जन्नत, तीही तोंडाला पदर लावून हसली. एवढ्या वर्षांची माया त्या दोघींच्या हसण्यात वाहून गेली, आणि युसुफच्या अंगाची लाही लाही झाली.

अस्लमने लोखंड घासून चकचकीत केलं. तेवढ्यात मशिदीत जोहरची, दुपारच्या नमाजाची, अजान झाली.

"आल्यावर बोल्ट आवळतंय. चल भाय."

"तू हो पुढं. मी आलोच."

युसुफ गेला नाही. अंगण मोकळं होताच तो होडीच्या तेलाच्या डब्याकडे गेला. तळाशी राळेचा घट्ट थर बसला होता. बोटभर काढून त्याने त्या चकचकीत जागेवर थापला आणि तार वर दाबून ठेवली. हात धुतले, पुन्हा जाळं घेऊन बसला. लाज वाटतेय का, हे ह्या वेळी त्याने स्वतःला विचारलंच नाही.

अस्लम आला. गप्पांच्या नादात त्याने न बघताच बोल्ट आवळला. ताजबी ठेवणीतली साडी नेसून तयार झाली होती.

"भाय, ये, किक मार."

आता वर चिडवतोय! "तूच मार," युसुफ म्हणाला. "कारागिरी तुझी."

अस्लमने किक मारली. गाडी गप्प. पुन्हा मारली, पुन्हा गप्प. तो खाली बसला, बोल्ट ढिला केला, तारेखाली बोट फिरवलं. बोटाला ओली राळ लागली. त्याने मान वर करून युसुफकडे बघितलं. युसुफ जाळ्याची गाठ मारत होता, जी मघाशीच मारून झाली होती.

अस्लमने बोट पँटीला पुसलं. उठून पाना युसुफच्या हातात दिला आणि अम्माला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्यानं नाय होत. गाडी तुझ्या हाताची हाय, भाय. तूच बघ."

युसुफने लुंगीच्या टोकाने ती जागा कोरडी होईपर्यंत पुसली. बोल्ट आवळला. किक मारताच गाडी अशी गरजली की अंगणातल्या कोंबड्या माडाच्या आळ्यात पळाल्या. ताजबी मागे बसली, तिचा हात युसुफच्या खांद्यावर आला. अस्लम फाटकापाशी उभा होता. युसुफने तिकडे बघितलं नाही.

दापोली मागे पडली. खांद्यावरचा हात सुखावत होता. जिंकलो, असं त्याला वाटत होतं.

ताजबी त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "अस्लम सकाळीच बोललान मला, 'अम्मा, गाडी मी नीट करतंय, पण किक भायच मारील आणि तू त्याच्याच मागनं जायाचं. वर्षभर तुला तोच सांभाळतो. मी कोण, चार दिवसांचा पाहुणा.'"

युसुफने गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर उतरून अम्माकडे बघावं लागलं असतं.